चार बोटं दुमड

ती कपडे शिवायची आणि सगळी गल्ली तिला चौकशीबाई म्हणायची. तोंडावर नव्हे, तोंडावर सगळे नुसतं 'बाई' म्हणत. पण आपल्या पाठीमागे काय चालतं हे तिला पक्कं ठाऊक होतं, कारण तिला ठाऊक नसलेलं त्या गल्लीत फारसं काही नव्हतंच. दोऱ्याचं रीळ घेताना ती दुकानदाराच्या देखत हातभर दोरा ओढून, तोडून बघायची. भाजीवाल्याने आपणहून एक लिंबू जास्त टाकलं, तर घरी येऊन बाकीची लिंबं दाबून पाहायची. फुकट हा शब्द कानावर आला की तिच्या कपाळाला आठी पडे. "आवळा देऊन कोहळा काढतात," असं म्हणून ती पुढे चालू लागे.

तिचा नवरा पोस्टाच्या खिडकीमागे आयुष्य काढून निवृत्त झालेला, शांत माणूस. लग्न ठरवताना ती त्याच्या घरी गेली तेव्हा तिने त्याच्याशी चार शब्दही बोलायच्या आधी खुंटीवरच्या शर्टाची कॉलर उलटी करून पाहिली होती. कॉलर झिजलेली होती, पण ती उसवून, पालटून पुन्हा नीट लावलेली होती. "कोणी लावली?" तिने विचारलं. "मीच," तो म्हणाला. तिने होकार दिला. ही गोष्ट तो अजून पाहुण्यांना सांगतो आणि ती अजून म्हणते, की तेव्हा नीट पाहिलं म्हणून निभावलं.

आता हा संशय आला कुठून, ते सांगायला हवं. चौकशीबाई एका गिरणीच्या वसाहतीत वाढली. तिथे दवाखाना गिरणीचा, शाळा गिरणीची आणि दुकानही गिरणीचं, एकच. पगाराच्या बदल्यात चिठ्ठी मिळायची आणि ती चिठ्ठी फक्त त्या दुकानात चालायची. लहान मुलींचे बूट दोनच मापांत यायचे, एक बोटं चेपणारं आणि एक पायातून निघणारं. ती नऊ वर्षांची असताना आईने चेपणारे बूट हातात घेऊन दुकानदाराकडे नुसतं पाहिलं होतं. तो म्हणाला, "घ्यायचे तर घ्या, नाहीतर अनवाणी धाडा." आईने बूट खोक्यात घातले, खोक्याचं झाकण लावलं. बाहेर आल्यावर मुलीने विचारलं, "आई, तू बोलली का नाहीस?" आई म्हणाली, "बोलून काय करायचं?" चौकशीबाईच्या डाव्या पायाचं करंगळीशेजारचं बोट अजून वाकडं आहे. थंडीत ते ठणकतं, आणि ठणकलं की तिला त्या दुकानदाराचा चेहरा आठवत नाही, आईचे झाकण लावणारे हात आठवतात.

त्यामुळे स्वतःचं दुकान काढलं तेव्हा तिने एक रीत पाडली. दुकान दहा पावलांचं. दारात काच, आत दोन मशीनं, एक कापायचं टेबल, भिंतीला खिळ्यांवर कागदी कटिंगचे नमुने. कपडा तयार झाला की ती तो गिऱ्हाइकाच्या हातात सरळ द्यायचीच नाही. आधी टेबलावर उलटा पसरायची. "बघून घ्या," म्हणायची. शिवण कुठे दुहेरी आहे, कडा कुठे गुंडाळल्या आहेत, बटणामागे कापडाचा तुकडा लावलाय की नाही, सगळं. लहान मुलींच्या फ्रॉकला खाली आतून चार बोटं दुमड, म्हणजे मूल वाढलं की उसवायचं, खाली सोडायचं, आणखी एक वर्ष काढायचं. ती चार बोटं गिऱ्हाइकाने स्वतःच्या हाताने मोजायची. शिवणीत सोडलेल्या जास्तीच्या कापडाला शिंपीलोक माया म्हणतात. तिला तो शब्द कधी आवडला नाही. माया आटते, बोटांनी मोजता येतं ते खरं, असं तिचं म्हणणं. लोक आधी हसले, मग त्यांना सवय लागली, आणि मग ते सगळीकडेच कपडे उलटे करून पाहू लागले.

याचा सगळ्यात जास्त ताप झाला तो समोरच्या मास्तरला. रस्त्याच्या पलीकडे, बरोबर समोर, त्याचं शिंपीकामाचं दुकान. उजव्या कानाने कमी ऐकणारा, जाड भिंगाचा, हातात कला असलेला आणि डोळ्यांत संशय असलेला माणूस. अकरा वर्षं ती दोघं एकमेकांशी बोलली नव्हती. तिची खात्री होती की तो तिचे नमुने चोरतो. त्याची खात्री होती की ती त्याची गिऱ्हाइकं रस्त्यातच पकडते. दर दोन महिन्यांनी ती नवऱ्याला त्याच्याकडे पँटची लांबी कमी करायला पाठवायची, भाव काढायला. नवऱ्याच्या सगळ्या पँटी त्यापायी आखूड झाल्या होत्या. मास्तरही काही कमी नव्हता. त्याची बायको डोक्याला रुमाल बांधून, काळा चष्मा लावून चौकशीबाईकडे यायची आणि "भाचीसाठी विचारतेय" म्हणायची. अकरा वर्षांत त्या भाचीचं वय सातच राहिलं होतं.

असं छान वैर चालू असताना एका दुपारी शाळेचे चिटणीस तिच्या दुकानात आले. गल्लीच्या टोकाला मोठी शाळा होती आणि या दोन्ही दुकानांचं निम्मं काम त्या शाळेच्या गणवेशाचं. चिटणीस सभ्य माणूस, छत्री नेहमी नीट गुंडाळलेली. ते स्टुलावर टेकले आणि म्हणाले, "बाई, समितीने ठरवलंय. यंदापासून गणवेश एकाच ठिकाणाहून. फक्त तुमच्याकडून. दुसरीकडचा चालणार नाही."

तिच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. "का?"

"रंग कमीजास्त होतात. कोणी स्वस्तातलं कापड वापरतं. पालक फसतात. एकच दुकान असलं म्हणजे सगळी मुलं सारखी, कटकट नाही."

"मग मीच का?"

"सगळं गाव सांगतं, तुमच्याइतका सरळ व्यवहार कोणाचा नाही."

"तुम्हाला काय हवंय?"

चिटणीसांना राग आला नाही, हीच गोष्ट तिला खटकली. "काही नको," ते म्हणाले. "पत्र ठेवून जातो. वाचा, सही करा."

ते गेल्यावर तिने पत्र उजेडाला धरून पाहिलं. उलटं करून पाहिलं. नवऱ्याला मोठ्याने वाचायला लावलं, दोनदा. मग चार दिवस चौकशी केली. चिटणीसांचा कोणी भाऊ कापडाच्या धंद्यात आहे का? नव्हता. समितीतल्या कोणाची जागा, कोणाचं गोडाऊन, कोणाची मेहुणी? काही नाही. शिपायापासून मुख्याध्यापिकेपर्यंत सगळे म्हणाले, बाई, खरंच तुमच्या चांगल्यासाठी आहे. तिला पाणी मुरतंय एवढं कळत होतं, कुठे मुरतंय ते सापडत नव्हतं.

"अहो, यात फसवणूक कुठे आहे?" तिने रात्रीच्या जेवणाला विचारलं.

"असायलाच हवी का?" नवरा म्हणाला. "आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन. घे ना. निदान माझ्या पँटी वाचतील."

तिने सही केली. का केली? हातात आलेलं काम सोडायला ती काही साध्वी नव्हती. आणि खरं सांगायचं तर समोरच्या मास्तरचं तोंड कसं होतं ते तिला बघायचं होतं.

ते तिने बघितलं. पहिल्या आठवड्यात मास्तरने काचेवरचा 'शालेय गणवेश' हा कागद खरवडून काढला. दुसऱ्या महिन्यात त्याच्याकडे नुसती पडद्यांची आणि उशांच्या खोळींची कामं दिसू लागली. एके दिवशी एक माणूस त्याचं काज करायचं मशीन वाकून वाकून तपासताना दिसला, विकत घेणारा माणूस तपासतो तसा. चौकशीबाईला वाटलं होतं, आनंद होईल. अर्धा दिवस झालाही.

इकडे तिच्या दुकानाबाहेर रांग. तिने दोन बायका कामाला ठेवल्या. सकाळी दार उघडायच्या आधी पालक उभे. आणि सगळे गोड बोलत. इतकी वर्षं ज्यांनी एका बटणावरून तिच्याशी वाद घातला, ते आता "सवडीने द्या बाई, घाई नाही" म्हणू लागले. हे गोड बोलणं तिला संशयास्पद वाटलं. ती प्रत्येकाच्या तोंडाकडे बारकाईने पाहायची. काहीतरी लपवतायत. काय लपवतायत? तिने कामाच्या बायकांवर नजर ठेवली, दोऱ्याची रिळं मोजली, कापडाच्या व्यापाऱ्याचे गठ्ठे उघडून तपासले. सगळं जागच्या जागी होतं.

शाळा उघडायला आठ दिवस उरले असताना नर्सबाई आल्या. नर्सबाई म्हणजे दवाखान्यात पाळ्या करणारी, तोंडाची फटकळ बाई. तिची मुलगी वेलीसारखी वाढणारी, म्हणून दरवर्षी ती दुमड स्वतः मोजायची आणि चार बोटांत केसभर कमी पडलं तरी फ्रॉक परत टेबलावर आपटायची. चौकशीबाईला ती मनापासून आवडायची.

त्या दिवशी चौकशीबाईने घडी केलेला फ्रॉक तिच्या हातात दिला आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळली. नर्सबाईंनी उभ्या उभ्याच फ्रॉक उलटा केला. खालच्या कडेला बोटं लावली. एक बोट बसलं, दुसऱ्याला जागा नव्हती. त्यांनी ते पाहिलं. मग फ्रॉक पुन्हा सुलटा केला, घडी घातली, पिशवीत ठेवला आणि पिशवीचा बंद ओढला.

चौकशीबाईने हे डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाहिलं. ती वाट पाहत राहिली. काहीच आलं नाही.

"नर्सबाई, काही म्हणायचंय का?"

"नाही."

"दुमड पाहिलीत ना?"

"पाहिली."

"मग?"

नर्सबाईंच्या आवाजात राग नव्हता, नुसता थकवा होता. "बोलून काय करायचं, बाई?" त्या म्हणाल्या आणि गेल्या.

चौकशीबाईने त्या दिवशी दुपारीच दुकानाचं दार लावून घेतलं. कामाच्या बायकांना घरी पाठवलं. मग शेल्फवरचे तयार फ्रॉक एकेक काढून टेबलावर उलटे केले. पहिल्या गठ्ठ्यातले चार बोटांचे. त्यानंतरचे तीन. मग दोन. वरच्या गठ्ठ्यातले एक. तिने दोघी बायकांवर दोष टाकून पाहिला, पण कापणी तिची स्वतःची होती, टेबलावरचा खडू तिच्या हातातला होता. कोणी सांगितलं नव्हतं. तिने ठरवलंही नव्हतं. काम खूप, वेळ कमी, कापड थोडं वाचतं, आणि शिवाय पुढच्या वर्षी मूल वाढलं तर येणार कुठे, इथेच. हे तिच्या मनात शब्दांत कधी आलं नव्हतं. हाताला तेवढं बरोबर कळलं होतं. आणि कपडा उलटा करून दाखवायची तिची ती रीत कधी बंद पडली, तेही तिला आठवेना.

जन्मभर तिने सगळ्या जगावर पहारा ठेवला, आणि एकाच माणसाला मोकळं सोडलं होतं. तिला स्वतःची शिसारी आली. ती टेबलापाशी बसली आणि रडली, चांगली हुंदके देऊन रडली. मग चष्मा पुसला, एक बोट दुमडीचा एक फ्रॉक उचलला आणि शाळेत गेली.

चिटणीसांनी तिला खुर्ची दिली. तिने पत्र आणि फ्रॉक दोन्ही त्यांच्यासमोर ठेवलं.

"हे परत घ्या. ज्याला जिथे शिवायचं तिथे शिवू दे. रंगाचा नमुना दारावर टांगा, बास."

चिटणीसांनी छत्रीच्या मुठीवर हात ठेवला आणि प्रथमच तिच्याकडे बारीक डोळ्यांनी पाहिलं. "दर वाढवून हवाय का?"

"नको."

"मग समोरच्या मास्तरने काही देऊ केलंय?"

"त्याच्याशी मी बोलत नाही."

"मग तुमचा फायदा काय, बाई?"

हा प्रश्न इतकी वर्षं ती लोकांना विचारत आली होती. समोरून आल्यावर तो केवढा जड असतो ते तिला कळलं. तिने फ्रॉक उलटा करून दाखवला. "हे मी केलंय. तुमच्या सरळ बाईने. तुम्हाला वाटतं मी मुळात प्रामाणिक आहे. मलाही तसंच वाटायचं. पण समोर मास्तर होता म्हणून मी प्रामाणिक होते. गिऱ्हाईक रस्ता ओलांडू शकत होतं म्हणून माझी चार बोटं चार राहिली."

"आम्ही तपासणी ठेवू," चिटणीस म्हणाले. "महिन्याला एक माणूस पाठवू."

"त्या माणसाला मी चहा पाजीन. दुसऱ्या महिन्यात तो माझ्या ओळखीचा होईल. आईला चहा पाजून भागत नाही, तिच्या पोरीच्या अंगावर फ्रॉक आखूड होतो."

"पण मोकळं सोडलं तर लोक फसतात, बाई. ते तर तुम्हीच सगळ्यांना सांगत असता ना?"

"फसतात. एकदा फसतात, मग समोर जातात. तुमच्या पत्रामुळे ते दरवर्षी फसतील आणि वर मला गोड बोलतील." ती थांबली. "मला कोणीतरी नको म्हणायला हवं, साहेब. ज्याला नको म्हणता येत नाही, त्याचा हो काय कामाचा? आमच्या वसाहतीत एकच दुकान होतं. तिथला दुकानदारही सुरुवातीला चांगलाच असेल."

चिटणीसांनी फ्रॉकच्या कडेला स्वतःचं एक बोट लावून पाहिलं. त्यांना पटलं की नाही, कोण जाणे. माणूस चांगला होता, पण आपण केलेल्या चांगल्या गोष्टीवर कोणी संशय घेतलेला कुणालाच आवडत नाही. शेवटी ते म्हणाले, "लेखी द्या. आणि पुढे तक्रार करायला येऊ नका. तुमचं निम्मं काम जाईल."

"जाईल," ती म्हणाली. दोन बायकांना कामावर ठेवलं होतं, त्यांना काय सांगायचं हे तिला माहीत नव्हतं.

आठवड्याने शाळेच्या फाटकावर कापडाचा तुकडा टांगला गेला आणि खाली लिहिलं, कोणत्याही शिंप्याकडून. त्याच दुपारी मास्तर रस्ता ओलांडून आला. अकरा वर्षांत पहिल्यांदा. तो दारातच थांबला, आत आला नाही.

"ऐकलं ते खरं का?"

"खरं."

"यात तुमचा काय डाव आहे?"

"काही नाही."

मास्तरने डावा कान पुढे केला, जणू नीट ऐकू आलं नाही. मग तिचं दुकान छतापासून फरशीपर्यंत न्याहाळलं. "पाणी कुठेतरी मुरतंय," तो म्हणाला आणि परत गेला. संध्याकाळी काचेवर नवीन कागद लागला, आधीपेक्षा मोठ्या अक्षरांत. काज करायचं मशीन विकलं गेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी काळा चष्मा आला. "भाचीसाठी विचारतेय," मास्तरीणबाई म्हणाल्या.

"सात वर्षांची ना?"

"सात पूर्ण."

चौकशीबाईने फ्रॉक टेबलावर उलटा पसरला. मास्तरीणबाईंनी चष्मा कपाळावर सरकवून शिवण पाहिली, कड खाजवून पाहिली, दुमडीला बोटं लावली. "चारच?" त्या म्हणाल्या. "समोर साडेचार देतात असं ऐकलंय."

"तुम्ही ऐकलंय?"

"लोक बोलतात," असं म्हणून मास्तरीणबाई जराही न हसता निघून गेल्या.

दुमड कमी पडलेले सगळे फ्रॉक चौकशीबाईने आपल्या खर्चाने बदलून द्यायचं ठरवलं. घरोघर निरोप पाठवले. बहुतेक लोक आले, काही जण या बाईचा यात काय हेतू असेल असा विचार करत आले. दोन बायकांपैकी एकीला या बदलून द्यायच्या फ्रॉकचंच काम पुरलं, दुसरी मास्तरकडे लागली, आणि चौकशीबाईची खात्री झाली की आता नमुने नक्की जाणार. नर्सबाईंकडे तिने तीनदा निरोप धाडला. मग एका सुट्टीच्या सकाळी मशीनवर बसल्या बसल्या तिला काचेतून नर्सबाई दिसल्या. हातात तीच पिशवी. चौकशीबाई उठली, टेबल मोकळं केलं, टेप गळ्यात अडकवला.

नर्सबाई तिच्या दाराजवळ आल्या, काचेतून तिला ओळख दिली आणि रस्ता ओलांडून मास्तरच्या दुकानात गेल्या.

तिला वाईट वाटलं. इतकं, की क्षणभर शाळेत जाऊन ते पत्र परत आणावंसं वाटलं. नवरा दारात पेपर वाचत होता, त्याने सगळं पाहिलं होतं.

"ती समोर गेली," चौकशीबाई म्हणाली.

"हं. बोलवू का तिला?"

"नको. बरोबर केलं तिने."

पलीकडे मास्तरने नवा फ्रॉक घडी घालून पुढे केला होता. नर्सबाईंनी तो घेतला नाही. त्यांनी बोट फिरवून दाखवलं, उलटा करा. मास्तरने तोंड वाकडं केलं आणि फ्रॉक उलटा केला. नर्सबाई वाकल्या, खालच्या कडेला बोटं लावून मोजू लागल्या, आणि मग काहीतरी फटकन बोलल्या, कारण मास्तरने दोन्ही हात वर केले.

चौकशीबाई तेवढं बघून टेबलाकडे वळली. मधल्या आकाराच्या फ्रॉकचं कापड पसरलेलं होतं. तिने खडू घेतला, खालच्या कडेवर हात आडवा ठेवला, चार बोटं मोजली. मग अंगठाही शेजारी टेकवला आणि तिथे रेघ ओढली.